पाकिस्तानातून आलेल्या पाव्हण्यांची फाइल: खान्देशात राहून एलटीव्ही ते नागरिकत्व

जळगावची सिंधी कॉलनी घ्या, भुसावळ-अमळनेर-चाळीसगावची बाजारपेठ घ्या, नाहीतर धुळं. कुणाचा साडू, कुणाची भाची सिंधमधून येते, पासपोर्टवर थोड्या दिवसांचा व्हिसा असतो, आणि आठवड्याभरात घरात सगळ्यांना कळतं की ही मंडळी परत जाणार नाहीत. मग घरातल्या ज्या पोराला कॉम्प्युटर येतो त्याच्या गळ्यात फाइल पडते. हा लेख त्या पोरासाठी आहे. मी जळगावात असे अर्ज भरून देतो, त्यामुळे कुठे अडतं ते रोज दिसतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. तुमच्या केसचा निर्णय जिल्ह्यात होत नाही, तो मुंबई-दिल्लीत होतो. पण केस बिघडते ती बहुतेक वेळा जिल्ह्यातच: एखादी तारीख उलटते, एखादं नाव वेगळं लिहिलं जातं, एखादा नको तो कागद हौसेनं काढला जातो.

रांग कोणती ते आधी ठरवा

परदेशात, म्हणजे जर्मनीत किंवा कॅनडात, आश्रय मागायचा वेगळा अर्ज असतो. अधिकारी समोर बसवून विचारतो, तुमच्यावर काय बेतलं ते सांगा, आणि त्या सांगण्यावर केस उभी राहते. आपल्याकडे असा कायदाच नाही. १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ ची त्याची पुरवणी, दोन्हींवर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा देशी कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय दिल्लीत आहे, ते अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून आलेल्यांची नोंद ठेवतं. हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटींची व्यवस्था सरकार स्वतः बघतं, त्यांच्याकडे वेगळं नोंदणी प्रमाणपत्र असतं. पाकिस्तानातून आलेल्या हिंदू-सिंधी कुटुंबाला या दोन्ही वाटा लागत नाहीत.

म्हणून काका कराचीतल्या दुकानाचं काय झालं ते सांगत असतील तर मन लावून ऐका, पण फाइलवर तीन उत्तरं लिहून ठेवा. भारतात पाऊल कोणत्या तारखेला ठेवलं? कोणत्या कागदावर? आणि माणूस कोणत्या गटात बसतो, म्हणजे धर्म कोणता, लग्न भारतीयाशी झालंय का, आई किंवा वडील फाळणीआधी जन्मलेले आहेत का? शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात. कायद्याच्या भाषेत अखंड भारतात जन्मलेल्या आईबापाचं मूल 'भारतीय वंशाचं' धरलं जातं. म्हणजे १९४७ च्या आधी शिकारपूरला किंवा सख्खरला जन्मलेल्या आजोबांच्या मुलाला थेट एक दार उघडं असतं. त्यांचा जन्माचा किंवा शाळेचा कागद तिकडच्या नातलगाकडून मागवून ठेवा. आज मागवणं जितकं सोपं आहे तितकं उद्या असेलच असं नाही.

पहिले चोवीस तास

पाकिस्तानी पासपोर्टवर आलेल्याला चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. व्हिसावरच सूट दिल्याचा शेरा असेल तर गोष्ट वेगळी. जिल्ह्यात पोलिस अधीक्षक हेच परकीय नागरिक नोंदणी अधिकारी असतात, त्यांनाच एफआरओ म्हणतात. काम त्यांच्या कार्यालयातल्या जिल्हा विशेष शाखेत चालतं. चौकशीला 'पासपोर्टचं कुठे बघतात' असं विचारलं तर लोक भारतीय पासपोर्टच्या टेबलाकडे पाठवतात, म्हणून 'परकीय नोंदणी' असंच विचारा. ज्यानं राहायला जागा दिली त्याच्यावरही माहिती देण्याची जबाबदारी आहे. हॉटेलवाल्यांचा 'सी फॉर्म' म्हणून जो प्रकार सगळ्यांना माहीत होता, तो आता इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा, २०२५ खाली येतो. हा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे त्यानं रद्द केले. त्यामुळे जुन्या वकिलाकडे जुनं पुस्तक दिसलं तर विनयानं नवीन कायदा दाखवा.

या कायद्यात व्हिसाची मुदत उलटून राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खोटा पासपोर्ट-व्हिसा वापरला तर दोन ते सात वर्षं कैद आणि एक ते दहा लाख दंड. आणि 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करायचं ओझं पोलिसांवर नाही, त्या माणसावर आहे. कागद जपण्याबद्दल मी एवढा का बोलतो, ते यावरून समजा.

एलटीव्ही

लाँग टर्म व्हिसा म्हणजे एलटीव्ही. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन देशांतल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन माणसांना तो मागता येतो. त्याशिवाय भारतीयाशी लग्न करून इथेच राहणाऱ्या पाकिस्तानी-बांगलादेशी स्त्रियांना मागता येतो, त्यात धर्माची अट नाही. भुसावळ-जळगावातल्या मुस्लिम घरांतल्या सुनांचे अर्ज याच रांगेत जातात. तिकडे लग्न करून गेलेली भारतीय वंशाची बाई विधवा होऊन किंवा घटस्फोट होऊन, आधाराला कुणी पुरुष नाही म्हणून परत आली, तर तिलाही हीच वाट आहे.

अर्ज ई-एफआरआरओ, म्हणजे परकीय नोंदणीच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा, सीमेवरचा किंवा विमानतळावरचा शिक्का, फोटो, इथल्या पत्त्याचा पुरावा, आणि हमी देणाऱ्या भारतीय नातलगाचे कागद. स्कॅन मोबाइलनं तिरपं काढू नका. शिक्क्याची तारीख वाचता आली नाही म्हणून अर्ज परत आलेले मी पाहिलेत, आणि परत आलेला अर्ज पुन्हा लावेपर्यंत मूळ व्हिसा संपतो. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे. ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल करून ठेवा, दोघांच्या मोबाइलमध्येही टाका.

अल्पसंख्याक गटाला एलटीव्ही एका वेळी पाच वर्षांचा मिळू शकतो. तो मिळाला की नोकरी-धंदा करता येतो, मुलं शाळा-कॉलेजात जातात, पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स निघतं. राहण्यासाठी एक घर आणि धंद्यासाठी एक जागा घेता येते, पण संरक्षित किंवा छावणीच्या भागात नाही. भुसावळ-वरणगावकडे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आसपास प्लॉट स्वस्त मिळतोय म्हणून कुणी गळ घातली तर आधी पोलिसांकडे लेखी विचारा. बँकेत एकच खातं, तेही 'एनआरओ' म्हणजे अनिवासी माणसाच्या साध्या खात्याच्या प्रकारचं. अर्ज विचाराधीन असला तरी ते उघडता येतं, हे बऱ्याच शाखांमधल्या बाईसाहेबांना-साहेबांना ठाऊक नसतं. वाद घालू नका, रिझर्व्ह बँकेच्या ठेवींच्या नियमात हे लिहिलंय एवढं सांगून मुख्य शाखेला विचारायला लावा.

फिरण्याची मोकळीक राज्यापुरती. खान्देशात ही गोष्ट फार फसवी आहे. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर लागतं, ते मध्य प्रदेश. नंदुरबारची माणसं कापडाला सुरतेला जातात, ते गुजरात. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे! लग्नकार्यासाठी अहमदाबादला किंवा इंदूरला जायचं तरी आधी परवानगी घ्या. राज्यातल्या राज्यात, म्हणजे उल्हासनगरला कायमचं बिऱ्हाड हलवायचं असेल, तर नवा पत्ता कळवून फाइल तिकडे वर्ग करून घ्यावी लागते.

आई आजारी आहे म्हणून पाकिस्तानात जाऊन परत यायचं, तर निघायच्या आधी 'नोरी' शिक्का लागतो, म्हणजे परत यायला हरकत नसल्याचा. तो न घेता गेलेला माणूस तिकडेच अडकतो. आणि शिक्का असला तरी सीमा बंद झाली तर काय होतं, ते २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीवर देशानं पाहिलं.

नाव, आडनाव आणि बापाचं नाव

या एका बाबीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. समजा पासपोर्टवर 'हरेश कुमार' एवढंच आहे, आडनावाचा रकाना कोरा, बापाचं नाव 'चंदर लाल'. जळगावला आल्यावर शाळेत मुलाचं नाव घालताना काकांनी आपलं आडनाव लावलं. आधारवाल्यानं 'कुमार' हेच आडनाव धरलं. लाइट बिलावर 'हरेशकुमार' जोडून आलं. घरात हा एकच हरेश, पण दिल्लीत बसलेल्या माणसासमोर तीन हरेश उभे राहतात.

उपाय साधा आहे आणि पहिल्याच दिवशी करायचा आहे. पासपोर्टवर जे इंग्रजी स्पेलिंग आहे, तेच प्रत्येक कागदावर, जोडून-तोडून न लिहिता. आडनाव लावायचा मोह नागरिकत्व मिळेपर्यंत आवरा. फरक पडलेलाच असेल तर 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करा आणि प्रत्येक अर्जाला त्याची प्रत जोडा. तिकडचं शनाख्ती कार्ड (पाकिस्तानी ओळखपत्र), मुलांचा 'ब फॉर्म' (तिकडची मुलांची नोंद), सिंधचं डोमिसाइल हे मुदत संपलं तरी फेकू नका.

मतदान ओळखपत्र काढू नका. वॉर्डातला कार्यकर्ता म्हणतो, 'करून टाकू, काय होतंय'. मतदार यादीत नाव घालताना आपण भारतीय नागरिक असल्याचं लिहून द्यावं लागतं. ते खोटं ठरलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि पुढचा नागरिकत्वाचा अर्ज त्याच दिवशी संशयात जातो.

गोपनीयवाले घरी येतात तेव्हा

अर्ज वर गेला की चौकशी खाली येते. तुमच्या पोलिस ठाण्यातला गोपनीय शाखेचा अंमलदार घरी येतो, केंद्राच्या गुप्तवार्ता विभागाचा अहवालही मागवला जातो. अंमलदार बहुधा दुपारी येतो, पुरुष दुकानात असतात तेव्हा. दारात उभा राहून अहिराणीत विचारतो, 'कागद शेतस का?', म्हणजे आहेत का. घरातल्या बाईला सिंधी आणि मोडकी हिंदी येते. ती घाबरून 'मालूम नहीं' म्हणते, आणि अहवालात तेच उतरतं.

म्हणून झेरॉक्सचा एक संच घरात दरवाज्याजवळच ठेवा, वर एका कागदावर सगळ्यांची नावं, जन्मतारखा, आल्याची तारीख, व्हिसाचे क्रमांक मराठीत लिहून. शेजारच्या दोन घरांना आधीच सांगा की चौकशी येईल. अंमलदार त्यांनाही विचारतो, आणि 'आम्हाला काय माहीत' हे उत्तर त्याला आवडत नाही. चहा द्या, पाकीट देऊ नका. मूळ कागद हातात देऊन पाठवायचा नाही, प्रत द्यायची आणि तिच्यावर पोच घ्यायची.

नागरिकत्वाची दोन दारं

पहिलं दार सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायदा. कायदा डिसेंबर २०१९ चा, नियम ११ मार्च २०२४ चे, पहिली प्रमाणपत्रं दिल्लीत १५ मे २०२४ ला दिली गेली. वरच्या सहा धर्मांचा माणूस ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेला असला पाहिजे. इतरांना अकरा वर्षांचा रहिवास लागतो, तिथे याला पाच पुरतात. तीन देशांपैकी एकाचा असल्याचा एक पुरावा आणि मुदतीआधी आल्याचा एक पुरावा जोडायचा. या दुसऱ्या पुराव्याच्या यादीत व्हिसा-शिक्क्यापासून लाइट बिल, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला असं बरंच चालतं. स्थानिक सामाजिक किंवा धार्मिक संस्थेचं पत्र आणि प्रतिज्ञापत्र लागतं. भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक चालते. सिंधी १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे, त्यामुळे आजीला मराठी येत नाही म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नका.

या वाटेची गंमत म्हणजे ती कलेक्टर कचेरीतून जात नाही. जिल्हा समितीचे अध्यक्ष असतात डाक अधीक्षक. सोबत जिल्हा सूचना-विज्ञान अधिकारी, आणि निमंत्रितांत तहसीलच्या पातळीवरचा माणूस आणि चक्क रेल्वेचे स्टेशन मास्तर. पहिल्यांदा ऐकणारा हसतोच. राज्य सरकारांना मध्ये न घेता केंद्राची माणसं जिल्ह्याजिल्ह्यात कुठून आणायची, याचं हे उत्तर आहे, आणि डाक खातं गावोगाव पसरलेलं आहे. पोस्टात बोलावणं येईल तेव्हा मूळ कागद घेऊन जा, तिथेच निष्ठेची शपथ होते. दिलेल्या तारखांना गेला नाहीत तर समिती अर्ज नाकारण्यासाठी पुढे पाठवू शकते. अंतिम निर्णय राज्यस्तरीय समितीचा, तिचे अध्यक्ष जनगणना संचालक. नागरिकत्व मिळालं की ते भारतात आल्याच्या तारखेपासून धरलं जातं, आणि बेकायदा राहिल्याबद्दलची जुनी कारवाई संपते.

दुसरं दार १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं मूळ दार. भारतीय वंशाचा माणूस किंवा भारतीयाचा नवरा-बायको सात वर्षांच्या रहिवासानंतर कलम ५ खाली अर्ज करतो. आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते असं दाखवता आलं तर एक वर्षाचा सलग रहिवास पुरतो, हे कलम फार कमी जण वापरतात. वंश जुळत नसेल तर कलम ६, म्हणजे अकरा अधिक एक वर्ष. हे अर्ज कलेक्टर कचेरी, मग मंत्रालय, मग दिल्ली असे जातात. केंद्रानं काही राज्यांतल्या ठरावीक जिल्ह्यांच्या कलेक्टरांना हे अधिकार दिले होते. महाराष्ट्रातले त्यात मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर होते. म्हणून नागपूरच्या पाव्हण्यानं 'आमच्याकडे तर कलेक्टरच देतो' म्हटलं, तर ते आपल्याला लागू धरू नका. याच दारात पाकिस्तानी नागरिकत्व सोडल्याचा कागद मागतात, आणि तो आणताना दमछाक होते. सीएएमध्ये घोषणा पुरते.

आता एक गोंधळ, जो व्हॉट्सअॅपवर रोज फिरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं आदेश काढला की याच सहा धर्मांचे, छळामुळे किंवा छळाच्या भीतीनं ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले लोक पासपोर्ट-व्हिसा नसला किंवा मुदत संपलेली असली तरी त्या कारणावरून शिक्षेला पात्र धरले जाणार नाहीत. लोकांनी अर्थ काढला की सीएएची तारीख दहा वर्षांनी पुढे गेली. गेली नाही. ती सूट इथे राहण्यापुरती आहे, नागरिकत्वासाठी २०१४ च. २०१७ ला आलेल्या माणसाला दुसरंच दार ठोठवावं लागेल.

मुलांचं वेगळं बघा. ३ डिसेंबर २००४ नंतर जळगावात जन्मलेलं मूल आपोआप भारतीय होत नाही. एक पालक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. दोघेही पाकिस्तानी असतील तर मुलाचा अर्ज स्वतंत्र. जन्मदाखला वेळेत काढा. उशिरा केलेल्या जन्मनोंदींकडे सध्या फार बारकाईनं पाहिलं जातं.

नोटीस आली तर

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला आणि दोन दिवसांत सरकारनं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे २७ एप्रिलपासून रद्द केले, वैद्यकीय व्हिसे २९ पर्यंत. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे एलटीव्ही त्यातून वगळले होते. तरी आपल्याकडे सिंधी कॉलनीत रात्रभर फोन चालू होते, कारण कुणाचा व्हिसा कोणता, हेच अर्ध्या घरांना माहीत नव्हतं. त्यानंतर एलटीव्हीवाल्यांना पोर्टलवर पुन्हा अर्ज भरायला लावला.

देश सोडण्याची नोटीस आली तर ती घ्या, तारीख-वेळ लिहून सही करा, नाकारू नका. नोटिशीत कारण काय आहे ते बघा: मुदत उलटली, अट मोडली, की नागरिकत्वावरच शंका? मुदत उलटली असेल आणि एलटीव्हीचा अर्ज आधीच गेलेला असेल, तर पोर्टलची पोच घेऊन त्याच दिवशी अधीक्षक कार्यालयात लेखी उत्तर द्या. कोऱ्या किंवा न वाचलेल्या जबाबावर सही नको. अटक झाली तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीतली व्यक्ती आणि कोणतीही स्त्री त्याला पात्र आहे. नोटिशीला आव्हान द्यायचं तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ, मुंबई नव्हे.

कोर्टात काय मिळतं याचा अंदाज असू द्या. जगण्याचं आणि स्वातंत्र्याचं संरक्षण परदेशी माणसालाही आहे, पण भारतात राहण्याचा हक्क फक्त नागरिकाला, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे चांगला वकील 'आम्हाला इथे राहू द्या' असं मागत नाही. 'अर्ज प्रलंबित आहे, त्याचा निर्णय होईपर्यंत पाठवू नका' असं मागतो. प्रत्यक्ष परत पाठवणं लगेच होतंच असंही नाही. माणूस आपलाच आहे हे समोरच्या देशानं मान्य करावं लागतं, आणि तोवर तो माणूस स्थानबद्धता केंद्रात पडून राहतो.

दलाल, आणि वाट बघण्याचा काळ

'दिल्लीत ओळख आहे' म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारा: अर्जाचा क्रमांक कोणत्या पोर्टलवर दिसेल? उत्तर नसेल तर उठा. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा, मोबाइल नंबर दलालाचा टाकू नका. नाहीतर पोस्टाचं बोलावणं त्याच्या फोनवर येतं आणि तारीख निघून जाते.

वर्ष उलटलं आणि हालचाल नाही, तर माहिती अधिकार वापरा. पण हा अर्ज नागरिकालाच करता येतो, म्हणून तो इथल्या भारतीय नातलगाच्या नावानं टाका. 'निर्णय कधी होईल' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयाकडे पाठवला, जावक क्रमांक द्या' असं विचारा. फाइल कोणत्या टेबलावर आहे ते त्यातून कळतं, आणि स्मरणपत्र कुणाला द्यायचं तेही.

प्रमाणपत्र हातात पडलं की स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. पोलिसांकडची परकीय नोंदणी बंद करून घ्या आणि जुना पासपोर्ट मागितला तर पोच घेऊनच द्या. आधार अद्ययावत करा, बँकेला पत्र देऊन एनआरओ खातं साध्या खात्यात बदलून घ्या. मतदार यादीसाठीचा फॉर्म ६ भरायची वेळ आता आली.